चिमूटभर कापूस

राजारामपुरीतल्या खेळण्यांच्या दुकानात मी दवाखान्यात बोटांच्या व्यायामाला लागणारी मऊ माती घ्यायला गेले होते. श्रावणातली सर नुकतीच उघडली होती, आणि दुकानात एक माणूस दातांनी खोका फोडत होता.

उजव्या हाताला पट्टी. डाव्या काखेत ओली छत्री. तोंडात खोक्याचा कोपरा.

"पावणं, आधी पैसं, मग दात!" दुकानदार बाळासो ओरडले.

मला हसू आलं. मी तो खोका हलकेच काढून घेतला आणि चिकटपट्टी नखानं उचकटली. आत प्लॅस्टिकच्या चौकटींत अडकवलेले शेकडो बारीक तुकडे होते. निळे, पांढरे, थोडे लाल. झाकणावर एका बाजूला यंत्रमानवाचं चित्र, दुसऱ्या बाजूला विमानाचं.

"ह्याला रंग कुठला घिऊ? आन् गोंद?" त्यानं विचारलं.

"कायबी लागत न्हाय की! रंग प्लॅस्टिकातच हाय. तोडायचं, दाबायचं, कट् करून बसतंय. मग हात-पाय मुडपलं की त्येचंच विमान."

"जोडायला डाख न्हाय, गोंद न्हाय, रंग न्हाय… आन् टिकतंय?" तो माझ्याकडे वळला. डोळ्यांत मिश्कील काहीतरी होतं. "तुम्हाला पटतंय?"

"नीट बसलं… तर टिकेल," मी म्हणाले, आणि माती न घेताच बाहेर पडले. पार बस स्टॉपवर आल्यावर लक्षात आलं, आणि परत जावं लागलं!

सोमवारी दवाखान्यात नवा पेशंट आला, तो हाच. वीरेश, हुपरीचा. घुंगरं घडवणारा चांदी कारागीर. पॉलिशच्या मोटारीत हात गेला होता. अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या शिरा जोडल्या होत्या, पण जोर आणि बारीक पकड परत येईल की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. तो जोर आणणं हे माझं काम. मी फिजिओथेरपिस्ट आहे.

"ही माती दाबा."

"मॅडम, आमच्या घरात चपात्या अव्वा लाटती. मला कशाला?"

चार दिवसांत त्यानं मातीला हात लावायचं बंद केलं. पाचव्या दिवशी तोच खोका घेऊन आला. मी तुकडे पाहिले… चिमटीत धरायचं, फिरवायचं, अंगठ्यानं दाबायचं. मी शिकवते तेच सगळं!

"चालेल," मी म्हणाले. "पण दाबायचं उजव्याच हातानं. डावा मध्ये आला तर मी खोका जप्त करीन."

"एवढं हळू बोलून एवढा दम देताय व्हय!"

मग रोज दुपारी तो समोर बसायचा. कटरनं तुकडे तोडायचा, ओठ दाबून ते जोडायचा. पेशंट नसेल तेव्हा मी बाजूला वाती वळायची. दिवसाला एकशे आठ वातींचा माझा नेम आहे. कापसाची डबी पर्समध्येच असते. सकाळी इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय मी पाणीही घेत नाही, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याच्याही घरी तेच. पण त्याची नजर माझ्या गळ्यातल्या, इष्टलिंग ठेवायच्या चांदीच्या डबीवर जायची.

"कडी सैल झालीया मॅडम. लिंग पडंल की कधीतरी."

"कळतं मला."

"हात बरा झाला की पयलं काम त्येच करणार. बघा तुम्ही."

दसऱ्यापर्यंत अंगठा चालला नाही, तर घरचा धंदा बघणारे त्याचे ज्ञानूकाका त्याच्या कामाच्या बैठकीवर दुसरा कारागीर बसवणार होते आणि त्याला माल घेऊन गावोगाव फिरतीवर धाडणार होते. आजोबांपासूनची बैठक. तो हे हसत सांगायचा, पण सांगताना अंगठा मुठीत लपवायचा.

मी तेव्हाच गोड सोडलं. त्याच्या हाताला घुंगरू पेलेपर्यंत. का सोडलं, ते मनातल्या मनातसुद्धा नीट उच्चारलं नाही. आणि नेम बोलून दाखवला की पातळ होतो, असं गडहिंग्लजला राहणारी माझी आई, माझी अव्वा, म्हणते.

नेमका हा दर आठवड्याला कुरुंदवाडचे पेढे आणायचा!

"घ्या की."

"नको."

"उपास हाय?"

"नाही… पण नको."

तो डबा मिटायचा. दर वेळी जरा जास्तच सावकाश.

आठव्या आठवड्यात यंत्रमानव उभा राहिला. धड आणि पाय त्यानं दवाखान्यात जोडले होते. दोन्ही हात मात्र घरी, हुपरीत. सगळा स्टाफ जमला. मावशी तानाबाई तर लादी पुसायचं सोडून आल्या. "करा बघू विमान!"

त्यानं पाय मुडपले. छाती उघडली. खांदे मागं फिरवले…

टप्. एक हात टेबलावर. टप्. दुसराही.

त्यानं पुन्हा बसवले. पुन्हा पडले. तिसऱ्यांदा अंगठा पांढरा होईपर्यंत दाबला, तरी पडले. तानाबाई हळूच बादलीकडे वळल्या.

"जोर न्हाय राहिला, मॅडम," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता, म्हणून जास्त लागला. "काकांना सांगून टाकतो. फिरतीवर जातो."

तो व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. बाहेर पाऊस लागून राहिला होता, नाहीतर निघूनच गेला असता. पावसाचे उपकार!

मी तो पडलेला हात उचलला. खांद्याची खुंटी बोटाला लागली… आणि मी थांबले. ती गुळगुळीत होती. नुसती गुळगुळीत नाही, चांदीसारखी लखलखत होती. दुसऱ्या हाताचीही तशीच. पायाची एक खुंटी ओढून पाहिली. ती खरबरीत, जशी चौकटीतून तोडली तशीच.

"वीरेश!" मी हाक मारली. इतक्या मोठ्यानं की मीच दचकले. त्याला नावानं हाक मारायची ती पहिलीच वेळ. "ह्या खुंट्या घासल्यात तुम्ही?"

"व्हय. तोडल्यावर टोक राहतंय की. असं वंगाळ काम कसं ठेवायचं? कानस मारली, मग पॉलिश पेपर—"

"अहो, खुंटी घासली तर भोकात धरणार कशी? जोर कमी पडला नाही. खुंटी बारीक झाली!"

तो व्हरांड्यातून आत येऊन टेबलाशी उभा राहिला.

"आणि… कानस कुठल्या हातानं चालवलीत?"

"उजव्याच. डाव्यानं कानस चालती व्हय कुठं?"

बोलता बोलता तो खाली वाकला. मीही. टेबलावर त्या दोन इवल्या खुंट्या चमकत होत्या. तांदळाएवढ्या तुकड्यावर, कुठे ओरखडा नाही की कोन मोडलेला नाही. जो हात गेला म्हणून तो फिरतीवर निघाला होता, त्याच हाताचं ते काम होतं.

"आयला…" तो पुटपुटला. "सवयीनं केलं की. ध्यानातच न्हाय आलं."

मी कापसाची डबी पुढे केली. "एक तार काढा. उजव्या हातानं. खुंटीला गुंडाळा."

त्यानं चिमटीनं कापसाची तार ओढली, केसाएवढी. खुंटीभोवती एक वेढा दिला आणि अंगठ्यानं दाबलं.

कट्.

दुसरा. कट्.

खांदे मागं फिरले, पाय मुडपले, नाक पुढं आलं आणि निळं-पांढरं विमान त्याच्या उजव्या तळहातावर उभं राहिलं. काही पडलं नाही. तानाबाईंनी बादली तिथंच ठेवून टाळ्या वाजवल्या. "बाई गं, सुटलो एकदाचं!"

मी खुर्चीत बसले. मग त्याची फाइल उघडली आणि खाली लिहिलं : उपचार पूर्ण.

"म्हंजे मी आता पेशंट न्हाय?"

"नाही."

त्यानं पिशवीतून डबा काढला. उघडला मात्र नाही. "एक इचारू? आठ आठवडे मी ह्या 'नको'चा एकच अर्थ लावत आलोय."

"कोणता?"

"की पेढं नको, म्हंजे… पेढंवाला नको."

माझे कान तापले. वाती उगाच सारख्या केल्या.

"गोड मी सोडलं होतं," मी म्हणाले. "तुमच्या हाताला घुंगरू पेलेपर्यंत."

पाऊस पत्र्यावर वाजत होता म्हणून बरं. तानाबाई एकच फरशी पुन्हा पुन्हा पुसत होत्या.

मग त्यानं अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत एक पेढा उचलला. हात कापला नाही. "घुंगरापेक्षा जड हाय. चालंल?"

मी ओंजळ पुढे केली. त्यातला कण आधी मनोमन देवाला दाखवला, मग तोंडात टाकला. इतका गोड पेढा असतो, हे मी विसरूनच गेले होते.

"आता ती कडी," तो हसून म्हणाला. "द्या बघू डबी."

"ती मी अंगावरून उतरवत नाही. माहीत आहे की तुम्हाला."

"मग कसं करायचं?"

"हत्यारं घेऊन गडहिंग्लजला यायचं," मी म्हणाले, नेहमीच्याच हळू आवाजात. "अव्वासमोर बसून करायची. आणि येताना काकांनाही आणायचं."

त्यानं विमान अलगद उलटं केलं, पाय सोडले, खांदे पुढं आणले, आणि यंत्रमानव पुन्हा टेबलावर उभा राहिला. दोन्ही हात जागेवर.

"कडी मात्र घासू नका हं," मी म्हणाले. "घट्ट करा."