साडेचारशे माणसांचा सोकजू

कोणती घरं बेकारीच्या पाहणीत घ्यायची, हे आमच्या कचेरीत चिठ्ठी काढल्यासारखं ठरतं. तसंच गुनसान बंदरातलं सोकजूचं घर माझ्या वाट्याला आलं. जहाजं बांधायची गोदी बंद पडून वर्ष झालेलं, आणि हा तिथला वेल्डर. दर महिन्याला तेच प्रश्न घेऊन मी त्याच्या दारात.

"पंधरा तारखेच्या आठवड्यात तासभर तरी पगारी काम केलंत?"

"नाही, मोजणीबाई."

"गेल्या चार आठवड्यांत काम शोधलंत?"

"शोधतोय की... बसा, जवाचा चहा गार होतोय."

पाच मिनिटांच्या प्रश्नांना आम्हाला तास लागायचा. तो बोलताना माझ्याकडे बघायचा आणि मी उगाच कागद चाळायची.

परवा कचेरीत नवा तक्ता आला. दोन वर्षांत शेजारच्या जिल्ह्यांची बेकारी उतरलेली, आमचीच रेघ वर. मी वैतागून त्याला सांगितलं, "पाहणीत तुमच्यासारखा एक माणूस म्हणजे साडेचारशे माणसं धरतात."

त्याचा पेला हातातच राहिला. "साडेचारशे? नामही... मी खोटं बोललो."

'नामही' हे माझं नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं, आणि तेही असं.

"मार्चमध्ये दूरच्या उल्सानच्या गोदीचं बोलावणं आलं. मी नको म्हटलं. तेव्हापासून काम शोधलेलंच नाही."

मी बोटांवर महिने मोजले. "सहा महिने? का?"

"शोधत नाही म्हटलं असतं तर... तुम्ही यादीतून नाव कापलं असतं ना?"

"अहो शहाणे, शोधा नाहीतर झोपा काढा, मी येणारच होते! घर सोडलंत तरच नाव जातं—"

"म्हणून तर सोडलं नाही," तो खाली बघत म्हणाला.

मी कागदावर 'शोधलं नाही' लिहिलं. जो शोधत नाही त्याला बेकारांत धरत नाहीत. एका ओळीत साडेचारशे बेकार कमी झाले, आणि काम एकालाही मिळालं नव्हतं. मला रागही आला आणि रडूही.

"उल्सानला फोन करा. आत्ता."

"आणि आपण दोघं?"

"रविवारी मी तिकडे येईन," मी म्हणाले, आणि माझं मलाच खरं वाटेना. "या वेळी प्रश्न तुम्ही विचारायचा. उत्तर माझं ठरलंय."