बॅटरी काढलेला सेट

खोटं वाटलं तर खुशाल खोटं समजा. मला कुणाची वाहवा नकोय. पण हे माझ्याच घरात घडलंय, आणि अजून संपलेलं नाही.

मी सैन्याचे वायरलेस सेट दुरुस्त करते. या सेटना टॉवर लागत नाही. प्रत्येक जवानाच्या छातीवर एक सेट, आणि प्रत्येक सेट दुसऱ्याचा निरोप पुढे ढकलतो. एखादा जवान पडला, त्याचा सेट बंद झाला, की जाळं आपोआप दुसऱ्या कुणातून तरी वाट काढतं.

बुधवारची भर दुपार होती. आघाडीवरून परत आलेले सेट टेबलावर पडले होते. ते कुणाच्या अंगावरून काढलेत हे विचारायचं नसतं. नाकाला कळतंच.

एका सेटच्या माइकवरचा स्पंज काळा, चिकट झाला होता. त्यात दाताचा तुकडा अडकला होता. मी तो लांब सरकवला आणि आमच्या वर्कशॉपच्या साहेबांना हाक मारली.

"शी! साहेब, हा जाळून टाका. हात लावायची किळस येतेय."

"नवे स्पंज संपलेत. स्पिरिटने पूस आणि पॅक कर. संध्याकाळी गाडी निघतेय."

तोंडात बिस्किट होतं साहेबांच्या. समोर तो दात, आणि हे खातायत! ना लाज, ना शरम.

ते सेट माझ्या धाकट्या भावाच्या तुकडीला जाणार होते. धाकटा तिथला वायरलेसवाला. म्हणून तरी नीट पुसावं म्हटलं.

मी बॅटरी काढली. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला. माइकला लावला…

"पुसू नका…"

घोगरा, ओला आवाज. घशात काहीतरी अडकल्यासारखा.

बॅटरी माझ्या हातात होती.

मी तो सेट सरळ भंगाराच्या पेटीत टाकला आणि बाकीच्यांची चाचणी लावली. पडद्यावर प्रत्येक सेटचा ठिपका दिसतो आणि निरोप कुठून कुठे जातोय त्याच्या रेघा. एकेक सेट बंद करायचा. रेघा नवी वाट शोधतात का, ते बघायचं.

मी एक बंद केला. दुसरा बंद केला…

सगळ्या रेघा एकाच ठिपक्याकडे वळल्या.

भंगारातल्या.

साहेब मागे येऊन उभे राहिले. "इतका दमदार सेट भंगारात? अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"साहेब, त्यात बॅटरीच नाहीये!"

"मग घाल की."

बस्स. एवढंच बोलले. स्वतःच बॅटरी घातली, स्पंजावर फडकं फिरवलं आणि सगळ्यात तगडा सेट म्हणून वायरलेसवाल्यासाठी वेगळा बांधला. म्हणजे धाकट्यासाठी.

मी लगेच धाकट्याला फोन लावला. "तुझा सेट छातीला लावू नकोस. माझी शपथ आहे तुला."

तो हसला. "ताई, तू झुरळालाही घाबरतेस."

काही आठवड्यांनी धाकटा परत आला.

एकटाच. तुकडीतलं दुसरं कुणीही आलं नाही, आणि याच्या अंगावर साधा ओरखडा नव्हता. आईला आभाळ ठेंगणं झालं. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू? धावत जाऊन मिठी मारली…

तोच वास. त्या स्पंजाचा.

आमच्या स्वयंपाकघरात फोनला रेंज कधीच नसते. हल्ली धाकटा तिथे येऊन बसला, की पूर्ण रेंज येते. तो उठून गेला की गायब.

काल दुपारी आम्ही जेवत होतो. धाकट्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून काहीतरी काळपट ओघळलं. आईने रुमाल उचलला.

"तोंड बघ कसं भरवलंयस, बाळा."

धाकट्याचे ओठ हललेही नाहीत…

"पुसू नका…"

तो एकाचा आवाज नव्हता. अख्खी तुकडी होती, एकामागून एक, त्याच्या एकट्याच्या घशातून.

मी मोरीत जाऊन ओकले. ज्याला मी कडेवर खेळवलं, त्याच्या शेजारी आता माझ्याने बसवत नाही. आणि त्या साहेबाचं तोंड आठवलं, की समोरचं ताट दूर सारते.

आईने मात्र पुसलं. आईच ती. तिला कसली आलीय किळस?

आज सकाळपासून तिला खोकला लागलाय. ओला, घोगरा.

आत्ता धाकटा बाहेर गेलाय. स्वयंपाकघरात आई आणि मी, दोघीच आहोत…

आणि माझ्या फोनला पूर्ण रेंज आहे.