न मारलेल्या तीन हाका

तुम्ही खोटं लिहिलंत, साहेब.

अहवालाचं चौथं पान. 'बचावकार्य संपल्यावर टाकीत तीन वेळा हाक मारण्यात आली. प्रतिसाद मिळाला नाही.'

हाक मारलीच नाही. मी तिथे होते.

आणि प्रतिसाद म्हणाल तर... तो मिळाला. अजून मिळतोय.

या पेजवर कुणाच्या मामाला वडाखाली बाई दिसते, कुणाच्या काकाची गाडी घाटात आपोआप थांबते. मला तसलं काही लिहायचं नाही. मी सरकारी नोकर आहे. रोह्याजवळच्या अग्निशमन केंद्रात नऊ वर्षं झाली. आग विझवते, अपघातातली माणसं ओढून काढते, ॲम्ब्युलन्समध्ये त्यांच्या छातीवर दाब देत दवाखाना गाठते. बाई असून ओळखपत्रावर 'फायरमन' छापलंय, तेवढंही कुणाला बदलता आलं नाही. माझं शिक्षण बारावी. शुद्धलेखन चुकलं तर खुशाल हसा. घडलं त्याला हसू नका.

१२ मार्च २०२४. मंगळवार. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं.

रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. डोकं फुटेल असं ऊन होतं.

रोह्यातल्या एका कारखान्यातून फोन आला. सांडपाण्याच्या भुयारी टाकीत सफाईला उतरलेले दोन कामगार आत कोसळले होते. कारखान्याचं नाव लिहीत नाही. त्यांच्याकडे वकील आहेत, माझ्याकडे मोबाईल आहे.

हे काम सहा जणांचं. आम्ही तिघं गेलो. आमचे प्रमुख पुंडलिकदादा, ड्रायव्हर तौहीद आणि मी. बाकीच्या जागा रिकाम्या आहेत. का, ते तुम्हाला माहीत.

ठेकेदाराचा माणूस बोटं दाखवत ओरडत होता, "दोनच हायत! दोनच!"

पाठीवर हवेचा सिलेंडर, तोंडावर मास्क लावून मी उतरले. खाली गुडघाभर गाळ आणि सडक्या अंड्याचा तो गॅस. एकेकाला दोर बांधला, वर ओढायला लावलं. दोघंही जगले. त्यातल्या एकाची छाती मी दहा मिनिटं दाबत होते. शेवटी तो खोकला, तेव्हा तौहीद म्हणाला, "ताई, तुझ्या हातात खुदाने जादू ठेवलीय."

आम्ही हसलो. खरं सांगते, हसलो.

आता इथे आमच्या केंद्राची एक रीत सांगायला हवी. महिपतीकाका म्हणून आमचे जुने फायरमन होते, निवृत्त झाले. त्यांनी ती घालून दिली. सगळी माणसं काढून झाली, मोजणी जुळली, तरी लगेच निघायचं नाही. पंप बंद. गाडीचं इंजिन बंद. सगळ्यांनी गप्प राहायचं. मग आत तोंड करून हाक मारायची, "कोणी हाय का?" आणि वीस आकडे मोजायचे. असं तीनदा. महिपतीकाका म्हणायचे, "मोजणी मालकाची असते रे. हाक आपली."

पुढे ती रीत फॉर्मवर आली. एक चौकोन आहे तिच्यासाठी. तुम्ही टिक केलात, तोच.

पुंडलिकदादांनी पंप बंद केला. तौहीद इंजिन बंद करायला गेला.

तेवढ्यात फोन वाजला.

दादांनी हात गाळाने भरलेले म्हणून स्पीकर लावला. त्यामुळे तुमचं बोलणं आम्ही तिघांनी ऐकलं.

"पेणला निघा. पावणेपाचला हेलिकॉप्टर उतरतंय. तिथला बंब बंद पडलाय."

"साहेब, दोन मिनिटं. हाका मारायच्यात."

"आत किती होते?"

"दोन."

"काढले किती?"

"दोन."

"मग हाका कोणाला मारताय? भुताला?"

पुंडलिकदादांनी फोन बंद केला. मग म्हणाले, "चल गो. बस गाडीत."

मी बसले. हे मी लपवत नाही. मी बसले.

बसण्याआधी एक केलं. टाकीपलीकडे मेंदीचं कुंपण होतं, त्यापलीकडे बाग. झाडांना पाणी घालायचा पाइप तिथे एकटाच पडला होता. पाणी भळाभळा वाहत होतं. धरणारं कोणी नाही. जास्वंदीखाली तळं झालं होतं.

पाणी वाया जातं म्हणून मी नळ बंद केला...

पेणच्या मैदानात चुन्याचा पांढरा गोल आखला होता. पाहुण्यांच्या डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून आम्ही त्या गोलाभोवती पाणी मारलं. माणसं वाचवायचं पाणी. पावणेपाच झाले. पाच झाले. आकाशात एक घार फिरत होती, तेवढीच.

पंप बंद होता. पाइप माझ्या हातात, तोंड जमिनीकडे. सगळं मैदान गप्प.

पाच वाजून दहा मिनिटं...

"हाय..."

पाइपच्या आतून. विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज.

मी पाइप कानाशी नेला.

"हाय... मी हाय..."

तौहीद बंबाच्या पायरीवर बसला होता. तो उठला. "ताई, काय म्हणालीस?"

"मी नाय बोलले."

"मग कोण हाय हाय करतंय?"

त्याने पाइप माझ्या हातातून घेतला, झटकला. चार थेंब पडले. दोघांनाही वाटलं, उन्हाने होत असेल.

हेलिकॉप्टर आलं नाही. कार्यक्रम रद्द.

परत निघालो. वडखळला पोचलो तेव्हा पुन्हा फोन. तोच कारखाना. तीच टाकी.

गेटवर एक म्हातारी उभी होती. विमलबाई. तिचा मुलगा शिवा बागेत माळी होता. चारला सुटणारा, घरी आला नाही. त्याची मोटरसायकल गेटवर तशीच. रखवालदार तिला सांगत होता, "गेला असंल कुठं तरी." ती त्याला म्हणाली होती, "गाडी सोडून? चालत? माझा शिवा दुकानात मीठ आणाया गाडीवर जातो रं."

त्या टाकीला दोन तोंडं होती. मधे भिंत, भिंतीला खाली कमरेएवढी फट. दुसरं तोंड मेंदीच्या कुंपणाआड, बागेत. दुपारी हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. दोघांची ओरड ऐकून शिवाने पाइप टाकला आणि तो जवळच्या तोंडातून उतरला. त्यांना काढायला. सफाईच्या यादीत त्याचं नाव असणार कुठून? तो माळी.

आठला वीस मिनिटं कमी असताना मी त्या तोंडावरचं अर्धवट उघडं झाकण पूर्ण सरकवलं.

तो शिडीवरच होता. वरून दुसऱ्या दांडीत कोपर अडकवलेलं. तोंड वर, झाकणाच्या फटीकडे. तिथे थोडी हवा येत होती. पुढे चढायची ताकद उरली नसेल. पण ऐकू येत असणार त्याला. आमचा पंप. आमचं हसणं.

आमचं इंजिन सुरू झालेलं.

मी त्याला वर काढून जमिनीवर निजवलं. आमचं काम म्हणून नाडी बघितली, बुबुळं बघितली, जबडा बघितला.

जबडा सैल होता...

माणूस गेला की दोन-तीन तासांत जबडा आवळतो. गरमीत त्याहून लवकर. हे मला तुमच्याच प्रशिक्षणात शिकवलंय. आम्ही निघून चार तास होत आले होते.

मी चिठ्ठीवर लिहिलं. 'जबडा सैल. वेळ १९.४५.' खाली सही केली. ती चिठ्ठी फाइलमध्ये नाही. गाळात पडली म्हणे.

विमलबाई रडली नाही. तिने माझा हात धरला.

"गो बाय, तू दुपारी व्हतीस ना हितं?"

"व्हय."

"तुमी गेलाव तवा माझा शिवा जिता व्हता का नाय? येवढाच सांग."



सोळा दिवसांनी कोलाडजवळ सकाळी टेम्पो उलटला. ड्रायव्हरला काढलं. तो शुद्धीत होता, म्हणाला, मी एकटाच. पण आता मी हाका सोडत नाही. सगळं बंद करून ओरडले, "कोणी हाय का?"

"हाय..."

कांद्याच्या गोण्यांखालून. अगदी स्पष्ट. पुंडलिकदादांनीही ऐकलं.

पाऊण तास आम्ही गोण्या उपसल्या. खाली पत्रा. पत्र्याखाली रस्ता. कोणी नव्हतं. कांद्याच्या वासात मात्र तो वास होता... सडक्या अंड्याचा.

त्यानंतर प्रत्येक ठिकाणी. विहिरीत, जळालेल्या गोदामात, कुलूप लावलेल्या घरात. हाक मारली की उत्तर येतं.

मग तुमच्या चौकशीचा दिवस. सकाळी साडेअकरा. मी कामावरून थेट आले होते, पिशवीत गॅस मीटर तसाच होता. खोलीत तुम्ही, तुमचा कारकून आणि मी. तुम्ही माझा जबाब आधीच लिहून ठेवला होतात. फक्त सही हवी होती. तुम्ही वाचून दाखवलात.

"...टाकीत कोणी आहे का, अशी हाक मारण्यात आली..."

"हाय..."

तुम्ही थांबलात. कारकुनाचे हात टाइप करता करता थांबले.

"कोण आहे बाहेर?" तुम्ही विचारलंत.

"हाय... मी हाय..."

बाहेरून नाही. टेबलाखालून. तुम्ही पाय वर घेतलेत, साहेब. मी बघितलं.

"कोण आहे?" या वेळी तुम्ही ओरडलात.

तिसऱ्यांदा उत्तर आलं नाही. माझ्या पिशवीत मीटर किंचाळायला लागला.

तो मीटर विषारी गॅस असल्याशिवाय वाजत नाही. आकडा टाकीतल्या आकड्याएवढा. कारकून आधी पळाला, मग तुम्ही. मी खिडक्या उघडल्या, तुमचं टेबल सरकवलं. खाली फरशी. कोरडी.

दुसऱ्या दिवशी तुम्ही लिहिलंत, 'गटाराचा वास.' मीटर तपासणीला गेला. अजून आलेला नाही.

मी सही केली नाही. तरी अहवाल पूर्ण झाला. कसा, ते विचारत नाही.

एवढंच असतं तर मी सोसलं असतं. मेलेला माणूस 'हाय' म्हणतो, म्हणू दे. त्याचा हक्क आहे. आम्ही विचारायला हवं होतं, विचारलं नाही. तो उत्तर घेऊन बसलाय.

पण गेल्या महिन्यात रोह्याशेजारच्या अष्टमी गावात एका जुन्या घराची भिंत पडली. घरमालक हसनभाई दुबईला, फोनवर म्हणाले, घर रिकामं आहे, बायको माहेरी गेलीय. मी हाक मारली.

"हाय..."

पुंडलिकदादांनी डोळे मिटून घेतले. "तोच असंल, मनाली. किती दिवस त्याच्यासाठी दगड उपसायचं? चल."

तौहीदनेही मान खाली घातली.

आणि साहेब... मीही वळले.

चार पावलं गेले. पाचवं पडेना. मागे आले, ढिगाऱ्यावर पालथी पडले, वास घेतला. चुना, माती, ओलं लाकूड. तो वास नव्हता.

दीड तास खणलं. सकीनाभाभी निघाली. माहेराहून आदल्याच दिवशी परत आली होती. दोन्ही पाय मोडलेले, पण जिवंत. ॲम्ब्युलन्समध्ये तिने माझी बाही पकडून विचारलं, "मी हाय हाय म्हणत होते गो. तुमी जात का होतात?"

तिला काय सांगू? आमच्याकडे एक मेलेला माणूस आहे, तो सगळ्यांच्या आधी उत्तर देतो, म्हणून?

पुढच्या वेळी वास ओळखता आला नाही तर? धुरात, रसायनात नाक काय कामाचं? एक दिवस मी जिवंत माणसाला शिवा समजून मागे सोडून येईन. मग त्याचाही अहवाल तुम्हीच लिहाल.

त्या भीतीने मी हल्ली जेवत नाही नीट.

पोस्टमॉर्टेम झालेलं आहे. डॉक्टरने वेळ लिहिलीच असणार. विमलबाईंना दिलेल्या नकलेत ती जागा कोरी आहे. चौदा वेळा त्या तुमच्या दारात आल्या. चौदा वेळा शिपायाने सांगितलं, साहेब मीटिंगमध्ये आहेत.

मला नोकरीवरून काढा. बदली करा, रोज चुन्याच्या गोलावर पाणी मारायला लावा. मी मारीन. पण त्याआधी एका कागदावर, तुमच्या सहीने, त्या म्हातारीला एवढं लिहून द्या.

शिवा किती वाजता गेला?