आवाज आधी येतो

दार नुसतं लोटून घ्या, कडी नको. आणि मधेच कुणी उठायचं नाही. ज्याच्यावर हे गुदरलं त्याच्या गॅरेजला लागून माझं टायरचं दुकान होतं, भिंतीला भिंत. त्यामुळे ऐकीव काही सांगत नाही.

मंगळवार होता, चौदा नोव्हेंबर. रात्रीचे आठ चाळीस. कानसेन लेकीला आणायला निघाला. ती दवाखान्यात नर्स, नऊला सुटायची. एरवी स्वतःची गाडी घेऊन जायची, पण त्या आठवड्यात बापाने किल्लीच लपवून ठेवली होती.

कानसेन हे आम्ही ठेवलेलं नाव. हा ब्रेकचा मिस्त्री. गाडी दारातून आत येईपर्यंत नुसत्या आवाजावरून तिचं दुखणं सांगायचा. "मागचं डावं चाक, पॅड संपलेत." उघडून बघावं तर तसंच. लेकीच्या गाडीपुढे मात्र त्याने हात टेकले.

गाडी जेमतेम आठ महिन्यांची. ब्रेक दाबायची वेळ आली की खर्र... असा आवाज. शोरूमवाल्यांनी दोनदा ट्रायल घेतली आणि "सगळं ओके" म्हणून परत धाडली. मग याने चारही चाकं उतरवली. डिस्क आरशासारखी. पॅड निम्मेही झिजलेले नाहीत. खडा अडकलाय म्हणावं तर खडा नाही. तरी पॅड नवे घातले, ब्रेक ऑइल बदललं. मी शेजारी बसून त्याच्याबरोबर फेरी मारून आलो, तर आवाजाचं नाव नाही. लेक एकटी गेली की परत तेच.

ती वैतागली. "बाबा, किती दिवस बसने जाऊ? द्या ना किल्ली."

"आवाज सापडू दे आधी."

"अहो, मी सांगते ते तुम्ही ऐकतच नाही. ब्रेक दाबल्यावर आवाज येत नाही. आवाज आधी येतो. मग मी दाबते."

"आधी कसा येईल? मला शिकवतेस?"

हे बोलला आणि त्याचा चेहराच उतरला. तीन वर्षांपूर्वी बायकोलाही तो असंच बोलला होता. ती म्हणाली होती, ब्रेकला कसला तरी आवाज येतोय. हा हसला. "माझ्या कानाला येत नाही, म्हणजे नाही." त्याच दुपारी उतारावर ब्रेक गेला. समोर झाड. अशा वेळी माणसाचा हात स्टिअरिंग कुठे वळवतो? स्वतःला वाचवायला. तुम्ही-आम्ही कुणीही तेच करू. झाड तिच्या बाजूने आत आलं. याला खरचटलंसुद्धा नाही. लोक म्हणाले, नशीब बलवत्तर. लेकीने त्याबद्दल बापाला कधी एका शब्दाने विचारलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागायचं.

तर त्या आठवड्यात हा झोपलाच नाही. गाडीखाली सतरंजी टाकून, हातात बॅटरी घेऊन पडलेला असायचा. ताट तसंच झाकलेलं. मला म्हणाला, "बायको गेली. आता पोरीवर पाळी आलीय, आणि माझे कान फुटलेत."

शेवटी मंगळवारी लेकीला आणायच्या निमित्ताने तो एकटाच गाडी घेऊन निघाला. एकदा तरी ऐकू येऊ दे, एवढीच त्याची धडपड. दवाखान्याकडचा रस्ता डोंगराच्या कडेने उतरतो. उजवीकडे कातळ, डावीकडे दरी. त्याने रेडिओ बंद केला. काचा लावल्या.

पहिलं वळण. खर्र...

चाकातून नाही. त्याने कान दिला.

दुसरं वळण. खर्र... बाहेरून येतच नव्हता तो. आतून येत होता. डावीकडून. खालून.

तिसऱ्या वळणाआधी त्याने पाय ब्रेकवर ठेवलाच नाही. हवेत धरला.

खर्र...

हा आवाज लोखंडाचा नव्हता. चपलेच्या टाचेचा होता. शेजारी बसलेलं माणूस भ्यालं की पाय रेटतं बघा, पायाखाली ब्रेक नसला तरी. बायको तशीच रेटायची. लग्न झाल्यापासून. हा तिची थट्टा करायचा.

त्याने डावीकडे पाहिलं नाही. धीर झाला नाही.

"ऐकतोय," तो म्हणाला. "आता ऐकतोय गं."

...

काही नाही. नुसतं इंजिन.

पुढे रस्ता सरळ. मोकळा. ब्रेकचं कारणच नाही.

खर्र.

परत. जोरात. मग थांबेचना.

त्याने ब्रेक दाबला.

पाय थेट तळाला गेला.

पुन्हा दाबला. पोकळ. हँडब्रेक ओढला. गिअर खाली टाकला. गाडी अडखळली, पण थांबेना. समोर शेवटचं वळण. त्यापुढे काळोख...

त्याने स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. स्वतःची बाजू कातळाला लावली. आरसा गेला. दार चेपत आत आलं. खांदा मोडला. त्याने सोडलं नाही. डाव्या बाजूला धक्का लागू दिला नाही.

गाडी थांबली. वळण चार हातांवर.

"लागलं का गं?" त्याने विचारलं.

...

हे त्याने मला स्वतः सांगितलं. उत्तर आलं का, ते मात्र सांगितलं नाही.

त्याच रात्री लेकीने दवाखान्यात बापाचा खांदा बांधला. बांधता बांधता त्याने तिला झाडाचं सगळं सांगून टाकलं, स्टिअरिंगसकट. ती म्हणाली, "मला माहीत होतं, बाबा."

सकाळी गाडी मीच ओढून आणली. ब्रेक दाबून पाहिला, तर दगडासारखा घट्ट. ऑइल काठोकाठ. थेंबाचीही गळती नाही.

दोन दिवसांनी गाडी आतून झाडायला घेतली. शेजारच्या त्या डाव्या सीटवर माझ्याखेरीज कधी कुणी बसलं नव्हतं. पायाखालच्या मॅटवर कंपनीचं प्लास्टिक अजून तसंच होतं, चारही कडांनी चिकटवलेलं. मी ते फाडून काढलं.

खाली मॅटला भोक पडलं होतं. टाचेएवढं. झिजून झिजून पार पत्रा दिसत होता.

वरच्या प्लास्टिकवर ओरखडासुद्धा नव्हता.