पाच डब्यांची परीक्षा

प्रयोगशाळेतल्या ताईंना मुलं पाठीमागे ‘अर्थिंगबाई’ म्हणत. कुठलंही उपकरण जागेवर ठेवण्याआधी त्या जमिनीत पुरलेल्या तारेचं टोक त्याला लावत, म्हणजे उरलासुरला विजेचा भार जमिनीत निघून जाई. एकदा त्यांनी स्वतःच्या जेवणाच्या डब्यालाही तार लावली होती म्हणे. ही शिस्त विज्ञानाच्या सरांची. वीस वर्षांपूर्वी ताई त्यांच्याच वर्गात बसत, आणि असा शिकवणारा पुन्हा होणे नाही, हे त्यांचं मत आजही ठाम होतं.

त्या सरांची दृष्टी यंदा गेली. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, मनाने वाईट नव्हत्या, पण तोंडाने स्पष्ट.

“सर, दिसत नसताना विजेचं यंत्र तुमच्या हाती कसं देऊ? मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे.”

“भार डोळ्यांना दिसतो कुठे, बाई?” सर हसले. “पुठ्ठ्याचे पाच डबे मांडा. एकात भारित गोळा ठेवा. तीनदा बरोबर ओळखला तर वर्ग माझा. चुकलो तर उद्यापासून घरी.”

ताईंचा जीव टांगणीला लागला. सरांना व्हरांड्यात उभं करून त्यांनी काचेच्या दांडीवरचा पितळी गोळा यंत्राला लावला, मग तिसऱ्या डब्यात ठेवून झाकण घातलं.

सर काठी टेकत आले. बाह्या वर सारून त्यांनी उजवा हात डब्यांवरून सावकाश फिरवला. तिसऱ्यावर थांबले. “इथे.”

दुसऱ्या खेपेला पहिला डबा. तिसऱ्या खेपेला पाचवा. दर वेळी हातावरची लव ताठ उभी राहिली. मोठ्या बाई खुर्ची पुढे ओढून बघत राहिल्या.

“भार एका जागी असतो, पण त्याचं क्षेत्र सगळीकडे पसरतं,” सर सांगत होते. “ते दिसत नाही. पण त्यात दुसरा भार आला की तो ओढला जातो, नाहीतर ढकलला जातो. न शिवता.”

“कमाल आहे तुमची! उद्यापासून तास घ्या,” म्हणत मोठ्या बाई गेल्या.

ताईंचे डोळे भरून आले. आपले सर ते आपले सर! आनंदाच्या भरात त्यांनी गोळा कागदाच्या कपट्यांवर धरला.

एकही कपटा हलला नाही.

मग त्यांना आठवलं. डब्यात ठेवण्याआधी, तिन्ही वेळा, हात सवयीने तारेकडे गेला होता.

“सर... गोळ्यात भार नव्हता. एकदाही.”

“माहीत आहे मला.”

“मग ओळखलंत कसं?”

“तो ज्या डब्याशी उभा राहिला, तिथे हात थांबवला.”

सरांनी डावीकडे मान वळवली. तिथे कोणीच नव्हतं. पण त्या बाजूच्या हाताची लव अजून उभी होती.

ताईंनी घाबरून तार उचलली आणि त्या रिकाम्या जागेकडे नेली.

त्यांचं मनगट घट्ट धरलं गेलं.

“नको, बाळ,” सर हळूच म्हणाले. “त्याला जमिनीत घालवू नकोस. त्याच्याशिवाय मला शिकवता येणार नाही.”

“नाही, सर. नाही घालवत.” ताईंनी तार सोडली.

पकड सुटली नाही. सरांचे दोन्ही हात काठीवर होते.