हाकेला ओ देणारे कुरण

तपासनौकेच्या प्रयोगशाळेतल्या पडद्यावर साल्पा बेटाचा किनारा तापलेल्या पाण्याने तपकिरी पडलेला दिसत होता. भूमध्य समुद्रातल्या त्या द्वीपसमूहात साल्पा सर्वांत चिमुकले, आणि अभयारण्यप्रमुख मार्गालिदाचे माहेर. तळाचे समुद्रगवत मेले की वाळू जाणार आणि वाळूमागोमाग आईचे घर.

"साऱ्या बेटांभोवती पसरलेलं हे एकच झाड आहे, मृणाल," ती म्हणाली. "आतून सगळं जोडलेलं."

"म्हणून तर आशा आहे," वनस्पतिरसायनाची जाणकार मृणाल बोडस म्हणाली. "उन्हानं होरपळो की बोटीच्या नांगरानं फाटो, इजा झाली की गवत एक द्रव्य सोडतं. ते हाकद्रव्य पोचलं की बाकीचं गवत तिकडे साखर धाडतं. साल्पाचा आवाज बसलाय. आपण त्याच्या वतीनं हाक मारू."

नवा उपाय आधी सर्वांत आजारी जागी करायचा, हा अभयारण्याचा जुना दंडक. मरणाऱ्याचे आणखी काय बिघडणार?

साल्पाच्या तळाशी हाकद्रव्य सोडले. महिन्याभरात साल्पा हिरवेगार झाले. मार्गालिदाचा जीव भांड्यात पडला. तोवर बाकीची बेटे पिवळी पडू लागली.

"द्रव्य थांबव!"

"केव्हाच थांबवलं. पाणी अजून तापलेलंच आहे, आणि आता ओरडायला साल्पाच्या अंगात बळ आलंय. सगळं कुरण त्याच्यासाठी उपाशी मरतंय."

मार्गालिदाने आईला फोन करून सांगितले, साल्पाचे गवत बाकीच्या कुरणापासून तोडावे लागेल.  म्हातारी म्हणाली, "एका लेकरासाठी बाकीच्यांना उपाशी ठेवत नाहीत, पोरी. तोड."

साल्पाभोवती तळात चर खणला. मार्गालिदा ढसाढसा रडली.

पण साल्पा मेले नाही. बाकीचे कुरण मात्र अधिकच झपाट्याने काळवंडले. मृणालने चरापाशी घेतलेला नमुना तपासला; तो हाकद्रव्याने भरलेला होता.

"आपण नांगर विसरलो गं. चर म्हणजे जखमच की! अख्खं कुरण त्या काठाकडे साखर ओततंय आणि ती समुद्रात वाहून जातेय. साल्पाच्या पोटात सगळ्यांचं अन्न आहे, त्याची जखम भरेल. यांची नाही."

फोन वाजला. आईचा आवाज हर्षाने कापत होता. "अगं, आपलं गवत जगलं! आता बाकीच्या बेटांनाही हेच औषध दे."

मार्गालिदाने पडद्यावरच्या काळ्या पडलेल्या कुरणाकडे पाहिले.

"त्यांच्या हाकेला ओ द्यायला कोण उरलंय, आई?"