सगळ्यांना मिळालेलं हसणं

“कुठल्या गाढवानं माझा ‘सदस्य’ उघडलाय गं?”

जपानमधल्या मात्सुए शहरातल्या मिठाईच्या दुकानात फोन कानाला लावून साहो कादोवाकी तणतणत होती. बाहेर तलावावरचा वारा बर्फमिसळ पाऊस काचेवर मारत होता. ऑफिसच्या तीनच्या चहासाठी मिठाई न्यायची आज तिची पाळी.

“अगं, रक्त आटवून घडवलेला प्रोग्राममधला क्लास माझा! कुणीतरी बाहेरूनच त्याला ‘आवडती मिठाई’ चिकटवून गेलं. विचारणं नाही, सांगणं नाही!”

शेजारचा उंच तरुण खाकरला.

“ते गाढव... मीच.”

साहोच्या हातून फोन निसटता निसटता राहिला.

“नागामी रिकुतो. सोमवारपासून तुमच्या वरच्या मजल्यावर. हामादाच्या शाखेतून आलोय.” तो कमरेतून असा वाकला, की केसांतलं पाणी तिच्या बुटांवर ठिबकलं. “चहाच्या खोलीतल्या पडद्यावर प्रत्येकाची आवड दिसावी, म्हणून... आपल्या प्रोग्रामिंगच्या भाषेत तयार क्लाससुद्धा कुठूनही उघडता येतो ना—”

“दार उघडं दिसलं म्हणून कुणी शेजारणीच्या स्वयंपाकघरात फडताळ ठोकून येतं का?”

“फडताळ उपयोगाचं असेल तर?”

आणि हसला मेला! आता हा राग ठेवायचा कुठे, हेच साहोला कळेना.

‘सदस्य’ हा क्लास म्हणजे एक साचा. ऑफिसातलं प्रत्येक माणूस संगणकात त्याच साच्यातून निघे. तो उघडून साच्याला एक गुण जोडला, की तो झाडून सगळ्यांना मिळे. विभागप्रमुख आदाची साहेबांना हे कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “यापुढे न विचारता हा क्लास जो उघडेल, तो या गटात राहणार नाही. नागामी, हामादाची गाडी तुला माहीत आहेच.”

त्याला शिकवायचं काम अर्थातच साहोच्या गळ्यात पडलं.

“एकालाच काही द्यायचं असेल, तर त्या एकाच सदस्याला जोडायचं. साच्याला हात लावायचा नाही. कळलं?”

“एकालाच?”

“हो.”

“किंवा... एकीलाच?”

“कामाकडे बघा, नागामी-सान.”

तो कामाकडे बघे. ती मात्र — चोरून — त्याच्याकडे. त्याला हिरवा चहा घुसळता येत नसे. फेस वाटीत कमी आणि ओठांवर जास्त. एकदा तिनं नुसतं बोट दाखवलं, तर त्यानं भलताच गाल पुसला. साहो खुदकन हसली. अंगावर झोपलेलं मूल जागं होऊ नये म्हणून आई श्वास धरते ना, तसा तो तिच्याकडे बघत थांबला होता. पुढे ती कितीतरी वेळ एकच ओळ वाचत राहिली.

तलावाकाठी प्लमची झाडं फुलली त्या आठवड्यातली गोष्ट. तीन वाजले. सगळे चहाला जमले, आणि पडदा उजळला.

सगळे जागच्या जागी थिजले.

प्रत्येक नावापुढे, आवडत्या मिठाईखाली, एक नवी ओळ होती : *हसणं – दिवसभर पुरतं.*

हिशेबनीस बाईंच्या नावापुढे. रखवालदारांच्या नावापुढे. आदाची साहेबांच्यासुद्धा!

साहेबांनी वाटी खाली ठेवली. “नागामी, माझं हसणं तुला दिवसभर पुरतं? घरी तर मला कुणी हसूसुद्धा देत नाही.”

हशा पिकला, पण रिकुतोचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“चूक झाली. एकाच सदस्याला जोडायचं होतं... बघून लगेच पुसणार होतो. घाईत साच्यालाच जोडलं गेलं.”

“आणि तो एक सदस्य कोण?”

त्याची नजर क्षणभर साहोकडे गेली. मी? माझं हसणं?

“नियम तुला ठाऊक होता,” साहेब हळू आवाजात म्हणाले. “सामान आवर.”

हामादा. म्हणजे उद्या तीन वाजता त्याची वाटी इथे नसणार... साहोचे पाय आपोआप संगणकाकडे वळले.

“कादोवाकी-सान, न विचारता उघडू नका!” साहेब ओरडले. “नियम तुम्हालाही आहे!”

“माहीत आहे, साहेब.”

तिनं तो क्लास उघडलाच.

पडद्यावरून ओळी भराभर पुसल्या गेल्या. साहेबांची गेली, बाईंची गेली, साहोची स्वतःचीही गेली. रिकुतोनं मान खाली घातली. तिला नकोच होतं तर...

“वर बघा ना,” साहो पुटपुटली. तिचे कान लालबुंद झाले होते.

एकच ओळ उरली होती. नागामी रिकुतो : *हसणं – दिवसभर पुरतं.*

तो पडद्याकडे बघे, तिच्याकडे बघे, पुन्हा पडद्याकडे. तोंड उघडं ते उघडंच.

“हे... तुम्ही...”

“एकालाच द्यायचं असलं, की असं देतात,” ती म्हणाली.

आदाची साहेबांनी डोक्याला हात लावला. “आता दोघांनाही काढलं, तर काम काय मी करू? बसा. चहा निवतोय.”

दोघं बसली, जवळजवळ. चहाकडे मात्र कुणाचंच लक्ष नव्हतं.